स्थिर तरंगात निस्पंदापाशी ऊर्जा खरोखर शून्य असते का?

पंचगंगातीर (प्रश्न)

नमस्कार. मी कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. माझा प्रश्न ताणलेल्या तारेवरील स्थिर तरंगाच्या ऊर्जेविषयी आहे. सारख्या आयामाचे (म्हणजे कमाल विचलनाचे) आणि सारख्या वारंवारतेचे दोन तरंग एकाच तारेवरून परस्परविरुद्ध दिशांनी जाऊ लागले की त्यांच्या अध्यारोपणातून, म्हणजे विचलनांच्या बेरजेतून, स्थिर तरंग तयार होतो, काही बिंदू जागचे हलत नाहीत आणि त्यांच्या बरोबर मधले बिंदू सर्वांत जास्त हलतात, इथपर्यंत मला अडचण नाही. न हलणाऱ्या बिंदूंना मी येथे निस्पंद आणि सर्वाधिक हलणाऱ्यांना प्रस्पंद म्हणतो. वर्गात आम्ही सरसकट नोड आणि अँटिनोड म्हणतो.

माझ्याकडच्या शिकवणीच्या टिपणांत असे दिले आहे की, ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, निस्पंदापाशी आयाम शून्य असतो, म्हणून तेथे ऊर्जाही शून्य असते आणि सगळी ऊर्जा प्रस्पंदांभोवती साठलेली असते. पुढच्याच पानावर, स्थिर तरंगातून ऊर्जेचे वहन होत नाही, असेही आहे. दोन्ही विधाने एकत्र धरली तर ऊर्जा प्रस्पंदापाशी नुसती बसून राहते असा अर्थ निघतो. आता तार कमाल विचलनाला पोहोचते तो क्षण घ्या. त्या क्षणी प्रत्येक बिंदूचा वेग शून्य असतो, म्हणजे गतिज ऊर्जा कोठेच नसते. प्रस्पंदापाशी तर तारेला चढही नसतो, कारण वक्राचा माथा तेथेच असतो; म्हणजे तेथे तार ताणलेलीही नाही. मग प्रस्पंदाची ऊर्जा त्या क्षणी कोठे जाते? आणि वहन होतच नसेल तर ती जाते कशी? मेल्डेच्या प्रयोगाची (नादकाट्याने ताणलेला दोरा हलवून त्यावर स्थिर तरंग पाहण्याच्या) तोंडी परीक्षा जवळ आली आहे आणि हा प्रश्न कोणी विचारला तर माझ्याजवळ उत्तर नाही.

जुना राजारामीय

तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. टिपणांतले पहिले विधान चुकीचे आहे आणि दुसरे अपुरे आहे.

आधी दोन प्रकारच्या ऊर्जा वेगळ्या काढा. तारेच्या एखाद्या लहानशा भागाची गतिज ऊर्जा त्याच्या वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. स्थितिज ऊर्जेचा संबंध मात्र विचलनाशी नसून चढाशी आहे, आणि बहुतेक जण इथेच घसरतात. तारेचा आडवा भाग तिरपा झाला की त्याची लांबी किंचित वाढते. चढ लहान असेल तर दर मीटरला ही वाढ चढाच्या वर्गाच्या निम्मी भरते, आणि तेवढी लांबी वाढवण्यासाठी ताणाविरुद्ध केलेले कार्य हीच स्थितिज ऊर्जा. संपूर्ण भाग न वाकता सरळ वर उचलला गेला असेल तर त्याचे विचलन कितीही असो, त्या भागात ताणाची जास्तीची ऊर्जा साठत नाही.

चिन्हे येथे नीट उमटत नाहीत म्हणून शब्दांत लिहितो. विचलन म्हणजे आयाम गुणिले स्थानाचा साइन गुणिले काळाचा कोसाइन, असे धरले तर वेगात स्थानाचा साइन आणि काळाचा साइन येतो, तर चढात स्थानाचा कोसाइन आणि काळाचा कोसाइन येतो. दोन्हींचे वर्ग करा. ताण म्हणजे दर मीटरचे वस्तुमान गुणिले तरंगवेगाचा वर्ग, हे वापरले की दोन्ही ऊर्जांचे कमाल मूल्य एकच निघते: दर मीटरचे वस्तुमान, कोनीय वारंवारतेचा (वारंवारता गुणिले दोन पाय) वर्ग आणि आयामाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मे. मात्र गतिज ऊर्जेचे हे कमाल मूल्य प्रस्पंदापाशी आणि तार सरळ असताना मिळते, तर स्थितिज ऊर्जेचे निस्पंदापाशी आणि तार कमाल विचलनावर असताना. म्हणजे दोन्ही ऊर्जा स्थानानेही वेगळ्या आहेत आणि काळानेही. पुढे जाणाऱ्या साध्या तरंगात असे नसते. तेथे गतिज आणि स्थितिज ऊर्जा एकाच जागी, एकाच वेळी वाढतात आणि एकाच वेळी कमी होतात.

आता दोन्हींची बेरीज घेऊन एका आवर्तनकाळाची सरासरी काढा. काळाच्या साइनवर्गाची आणि कोसाइनवर्गाची सरासरी प्रत्येकी निम्मी येते, उरतात स्थानाचे साइनवर्ग आणि कोसाइनवर्ग, आणि त्यांची बेरीज एक. निष्कर्ष असा की एकूण ऊर्जेची सरासरी घनता तारेवर सगळीकडे सारखी असते, निस्पंदापाशीही तेवढीच आणि प्रस्पंदापाशीही तेवढीच. हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला पटत नाही, म्हणून गणित स्वतःच्या हाताने एकदा मांडाच.

वहनाबद्दल. एखाद्या बिंदूतून पलीकडे जाणारी शक्ती म्हणजे ताण गुणिले चढ गुणिले वेग. निस्पंदाला वेग शून्य, प्रस्पंदाला चढ शून्य. म्हणून या दोन्ही ठिकाणांहून ऊर्जा कधीच ओलांडून जात नाही. पण त्यांच्या मध्ये, पाव तरंगलांबीच्या पट्ट्यात, वेगही असतो आणि चढही असतो. तेथे ऊर्जा निस्पंदाकडून प्रस्पंदाकडे आणि परत अशी हेलकावत राहते, आणि तिची वारंवारता तारेच्या वारंवारतेच्या दुप्पट असते. वहन होत नाही याचा अर्थ निव्वळ, सरासरी वहन होत नाही, एवढाच घ्यायचा.

आकड्यांनी पाहू. 0.3 मिलिमीटर व्यासाची पोलादी तार, लांबी 90 सेंटिमीटर, मूळ वारंवारता 130 हर्ट्झ. तरंगवेग 234 मीटर प्रति सेकंद, दर मीटरचे वस्तुमान सुमारे 0.55 ग्रॅम आणि ताण सुमारे 30 न्यूटन. मध्यभागी आयाम 2 मिलिमीटर धरला तर तारेतली एकूण ऊर्जा जेमतेम एक तृतीयांश मिलीज्यूल भरते. मूळ स्वरात टोके हे निस्पंद आणि मध्य हा प्रस्पंद, म्हणजे 45 सेंटिमीटरचे दोन पट्टे. प्रत्येक पट्ट्याचे दोन समान भाग करा. तार कमाल विचलनावर असताना पट्ट्याची सुमारे 82 टक्के ऊर्जा टोकाकडच्या अर्ध्या भागात असते, आणि तार सरळ होते तेव्हा तेथे 18 टक्केच उरते. ही ये-जा सेकंदाला 260 वेळा होते. प्रस्पंदाची ऊर्जा त्या क्षणी कोठे जाते, या तुमच्या प्रश्नाचे हे उत्तर.

उद्यमनगर

मी अभियांत्रिकीचा माणूस आहे, तेव्हा थोडी शंका काढतो. स्थिर तरंगात तारेचा प्रत्येक बिंदू आपापल्या आयामाने सरल आवर्त गती करतो, म्हणजे स्प्रिंगला लावलेल्या वजनासारखा हेलकावतो. सरल आवर्त गती करणाऱ्या वस्तूची एकूण ऊर्जा कायम असते, तिचे वस्तुमान, कोनीय वारंवारतेचा वर्ग आणि आयामाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी. या हिशोबाने निस्पंदापाशी शून्य आणि प्रस्पंदापाशी सर्वाधिक, म्हणजे टिपणांत लिहिले आहे तेच निघते. शिवाय या पद्धतीनेही संपूर्ण तारेची ऊर्जा तितकीच येते, मी बेरीज करून पाहिली. मग टिपणे चूक कशी?

जुना राजारामीय

शंका रास्त आहे, आणि तुमची बेरीज बरोबर आहे. पण ज्या स्प्रिंगची ऊर्जा तुम्ही त्या बिंदूच्या खात्यावर मांडता, ती स्प्रिंग त्या बिंदूपाशी नाहीच. त्याला मूळ जागी खेचणारे बल शेजारच्या भागांकडून येते, दोन्ही बाजूंच्या चढांतील फरकातून. त्या बलाविरुद्ध झालेले कार्य शेजारच्या तारेत साठते आणि पुढे सरकत निस्पंदाकडे जाते. तुमच्या सूत्रात प्रत्येक बिंदूच्या नावे त्याने केलेल्या कार्याची नोंद होते. ती ऊर्जा कोठे साठवली आहे हे त्यात दिसत नाही. पूर्ण तारेवर दोन्हींची बेरीज एकच येते, कारण टोके बांधलेली असली की उरलेले पद टोकांवर शून्य होते.

यापुढे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. चढाच्या वर्गाचे सूत्र गृहीत धरते की प्रत्येक बिंदू फक्त आडव्या दिशेने, म्हणजे तारेच्या लांबीला काटकोनात हलतो आणि ताणल्याचा परिणाम जेथल्या तेथेच राहतो. खऱ्या पोलादी तारेत लांबीच्या दिशेने जाणारा तरंग सेकंदाला सुमारे 5000 मीटर वेगाने धावतो. वरच्या उदाहरणातली 90 सेंटिमीटर तार तो 0.18 मिलिसेकंदात पार करतो, तर एका कंपनाला 7.7 मिलिसेकंद लागतात. त्यामुळे कोठे जास्त ताणले गेले, कोठे कमी, हा फरक तारभर लगेच समान होतो आणि ताण सगळीकडे जवळपास एकसारखा, दुप्पट वारंवारतेने, कमीजास्त होत राहतो. अशा तारेत स्थितिज ऊर्जेचा वाटाही तारभर जवळजवळ सारखाच पसरतो. गतिज ऊर्जेचा नकाशा मात्र कोणत्याही हिशोबाने बदलत नाही, आणि एकूण ऊर्जाही नाही. तोंडी परीक्षेत हे सांगायची गरज पडणार नाही; पण स्थितिज ऊर्जा नेमक्या बिंदूवर बोट ठेवून दाखवता येते, असा आग्रह धरणाऱ्याला हे जरूर ऐकवावे.

स्वरजुळणी

मी तंबोरा वाजवते, गणितात मला फारशी गती नाही. पण या चर्चेत एक गोष्ट मला खटकली. तंबोऱ्याची जोडाची तार छेडताना बरोबर मध्यावर बोटाची कड अलगद टेकवली की मूळ स्वर बंद होतो आणि वरच्या सप्तकातला षड्ज ऐकू येतो. बोट तसेच राहिले तरी तो स्वर पुष्कळ वेळ टिकतो. तेथे ऊर्जा नसते म्हणूनच बोटाने ती कमी होत नाही, असे मी आजवर समजत आले. सर म्हणतात तसे मध्यावर ऊर्जा असेल, तर बोट ती शोषून का घेत नाही?

जुना राजारामीय

ताई, हे उदाहरण पुस्तकांतल्या पुष्कळ उदाहरणांपेक्षा चांगले आहे. बोटाला ऊर्जा काढून घ्यायची असेल तर बोटावर बल लागून बोट किंवा त्याची त्वचा त्या बलाच्या दिशेने हलली पाहिजे, कारण बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. निस्पंदाला तार तिरपी होते, पण वरखाली होत नाही. अलगद टेकवलेली बोटाची कड तारेच्या हालचालीला अडवते, तिच्या तिरपेपणाला फारसे अडवत नाही. म्हणून मूळ स्वर, ज्याचा प्रस्पंद नेमका मध्यावर आहे, मरतो आणि वरचा षड्ज, ज्याचा तेथे निस्पंद आहे, टिकतो. तुमच्या बोटाला तेथे ऊर्जा मिळत नाही याचा अर्थ तेथे ऊर्जा नाही असा होत नाही. पडताळा हवा असेल तर बोटाची कड न ठेवता पूर्ण पेर दाबून ठेवा. रुंद पेर शेजारच्या भागांनाही अडवते, तार तिरपी होऊ देत नाही, आणि तो षड्जही पटकन विझतो.

पंचगंगातीर

सर, गणित मांडून पाहिले आणि सरासरी खरोखर सगळीकडे सारखी आली. सर्वांचे आभार. पण आता नवा पेच पडला. निस्पंदातून ऊर्जा ओलांडून जातच नाही म्हणता. मेल्डेच्या प्रयोगात ऊर्जा देणारा नादकाटा एका टोकाला असतो, दोऱ्यावर चार लूप (दोन निस्पंदांमधले फुगीर भाग) दिसतात, आणि हवेच्या घर्षणामुळे चौथा लूपही सतत ऊर्जा गमावत असणार. मध्ये तीन निस्पंद असताना त्याला ती ऊर्जा पोहोचते कशी? आणि हाच न्याय तंबोऱ्याला लावला तर तार जिच्यावर टेकते त्या घोडीपाशी निस्पंद आहे, मग तारेचा आवाज भोपळ्यापर्यंत जातो कसा?

उद्यमनगर

याचे उत्तर मी देतो, कारण आमच्या क्षेत्रात केबलवर आणि अँटेनावर रोज हाच हिशोब असतो. पूर्ण शून्य वहन हे फक्त तेव्हाच, जेव्हा जाणारा आणि परत येणारा तरंग तंतोतंत सारखे असतात. वाटेत किंवा टोकाशी थोडीही ऊर्जा खर्च झाली की परत येणारा तरंग किंचित लहान असतो. मग निस्पंदापाशी दोघांच्या आयामांची वजाबाकी उरते आणि प्रस्पंदापाशी बेरीज. समजा परत येणाऱ्या तरंगाचा आयाम जाणाऱ्याच्या 98 टक्के आहे. निस्पंद आणि प्रस्पंद यांच्या आयामांचे गुणोत्तर सुमारे 1 ला 100 पडते. लूपच्या मध्यावर दोरा 1 सेंटिमीटर हलत असेल तर निस्पंद मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका हलतो. डोळ्याला तो स्थिर दिसतो, पण तेथे चढ सर्वांत मोठा आहे, म्हणजे दोऱ्याला आडवे खेचणारे बलही सर्वांत मोठे, आणि मोठे बल गुणिले चिमुकला वेग एवढी शक्ती पुढच्या लूपला पुरते. या उदाहरणात पुढे जाणाऱ्या तरंगाच्या ऊर्जेचा सुमारे 4 टक्के भाग पलीकडे खर्च होतो.

प्रयोगशाळेत हे दिसतेही. मागे काळा कागद धरून निस्पंदांकडे बारकाईने पाहा. नादकाट्याजवळचा निस्पंद किंचित धूसर, रुंद दिसतो आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाच्या कप्पीकडे जावे तसे निस्पंद अधिक रेखीव होत जातात, कारण पहिल्या निस्पंदातून पुढच्या सगळ्या लूपांचा खर्च जायचा असतो आणि शेवटच्यातून एकाच लूपचा. नादकाट्याचे टोक स्वतःही दोऱ्याच्या आयामाच्या मानाने थोडेसेच हलते, तेही याच कारणाने.

स्वरजुळणी

घोडीचे मी सांगते. तंबोऱ्याची घोडी तबलीवर असते आणि तबली पातळ लाकडाची, तेव्हा घोडी ही भिंतीसारखी अचल नसतेच. तार तिला थोडेसे हलवते आणि तेवढ्याने तबली आणि भोपळ्यातली हवा बोलते. घोडी फार सहज हलणारी असली तर आवाज मोठा येतो पण स्वर लवकर संपतो, आणि फार ताठ असली तर तार पुष्कळ वेळ हलते पण आवाज बारीक. मिरजेचे कारागीर या दोन टोकांच्या मधला बिंदू कानाने शोधतात. शिवाय जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेल्या बारीक उतारामुळे, तार घोडीच्या उतरत्या पाठीवर घासत राहते, तेथे टोक एका जागी ठरलेलेच नसते, म्हणून तंबोऱ्याच्या तारेला साध्या साइनचे गणित जसेच्या तसे लावू नये.

जुना राजारामीय

दोघांचेही म्हणणे बरोबर. विषय निघालाच आहे तर एक सावधगिरीची सूचना करतो. तारेवरचा निकाल, म्हणजे गतिज ऊर्जा प्रस्पंदाला, स्थितिज निस्पंदाला आणि सरासरी सगळीकडे सारखी, हा प्रत्येक स्थिर तरंगाला लावू नका. वारा असताना रंकाळ्याच्या दगडी कठड्यापाशी उभे राहिले की येणाऱ्या आणि आपटून परतणाऱ्या लाटांतून पाण्यावर स्थिर तरंग तयार झालेला अधूनमधून दिसतो. पाण्याची स्थितिज ऊर्जा गुरुत्वाकर्षणाची आहे, ती पृष्ठभागाच्या उंचीवर अवलंबून असते, चढावर नाही. म्हणून ती कठड्यालगत, जेथे पाणी सर्वाधिक वरखाली होते तेथे जास्त असते. पाणी लाटेच्या मानाने खोल असेल तर गतिज ऊर्जा जवळपास सगळीकडे सारखी पसरते, कारण जेथे पाणी वरखाली होत नाही तेथे ते तितक्याच वेगाने पुढेमागे होते. तेथे एकूण ऊर्जेची सरासरी सारखी राहत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत विद्युत क्षेत्राची आणि चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा अशीच वेगवेगळ्या जागी असते. ओटो वीनर यांनी 1890 मध्ये आरशासमोर अतिशय पातळ फोटोग्राफिक थर किंचित तिरपा ठेवून प्रकाशाचे स्थिर तरंग दाखवले. थर काळा पडला तो विद्युत क्षेत्राच्या प्रस्पंदांवर. चुंबकीय ऊर्जा निस्पंदांवर भरपूर होती, पण तिने थरावर खूण उमटवली नाही. ताईंच्या बोटाशी ताडून पाहा: मोजणारे साधन कोणत्या राशीला प्रतिसाद देते यावर ऊर्जा कोठे दिसते हे ठरते.

उद्यमनगर

पंचगंगातीर, तारेवर स्थितिज ऊर्जेच्या जागेचा वाद राहतो, तो नको असेल तर हवेच्या नळीत प्रयोग करा. उद्यमनगरातल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात दोन इंची पीव्हीसी पाइप आणि त्याचे टोपण मिळते. 1 मीटर पाइपचे एक टोक टोपणाने बंद करा आणि उघड्या तोंडाशी लहान स्पीकर थोडा तिरपा ठेवून मोबाइलमधून 500 हर्ट्झचा सूर लावा. वायरवाल्या इअरफोनचा माइक काठीच्या टोकाला बांधून आत सरकवत दुसऱ्या मोबाइलवर आवाजाची पातळी पाहत जा. 25 अंश तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे 346 मीटर प्रति सेकंद, म्हणजे तरंगलांबी 69 सेंटिमीटर. टोपणालगत पातळी मोठी दिसेल, टोपणापासून सुमारे 17 सेंटिमीटरवर ती कोसळेल, 35 वर पुन्हा मोठी आणि 52 वर पुन्हा लहान.

माइक दाब मोजतो. टोपणालगत हवेला पुढेमागे हलायला जागाच नाही, तो हालचालीचा निस्पंद आहे, आणि तरीही दाबाचे चढउतार तेथेच सर्वांत मोठे असतात. आकुंचन-प्रसरणाची स्थितिज ऊर्जा ती हीच, आणि ती कोठे आहे याबद्दल येथे मतभेद होत नाही. 17 सेंटिमीटरवर माइक जवळजवळ गप्प असतो, पण हवेची ये-जा तेथे सर्वांत जोरात चाललेली असते. माइकच्या छिद्रावर बोट येऊ देऊ नका आणि काठी बारीक घ्या, नाहीतर पाइपातली हवाच अडते. वाचने दर 2 सेंटिमीटरला घेतली तर आलेख चांगला येतो. तोंडी परीक्षेला तो सोबत न्या.